रक्त तपासा, साहेब

कात्रप, बदलापूर (पूर्व)
१४ सप्टेंबर २००८

चि. माया हिस,

सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं बरे आहोत. सम्यक धरून धरून उभा राहतो, असं आईने सांगितलं. त्याचा एक फोटो पाठव. इकडे पाण्याचे हाल चालले होते, आता नळाला येतंय.

केस संपली. मी निर्दोष सुटलो. फोनवर तू एवढंच विचारलंस, "बाबा, पुन्हा?" आणि रडायला लागलीस. तेव्हा मी फोन आईच्या हातात दिला. आता लिहितो. नाही. तुझ्या लग्नाआधी दारू सोडली ती सोडलीच.

त्या दुपारी शाळेची पोरं घरोघर सोडून मी रिकामी व्हॅन घेऊन येत होतो. वळणावर गाडी कडेच्या स्कूटरला घासली. हवालदार आला. "ए, खाली उतर. या पट्टीवरून सरळ चालून दाखव." मी चाललो. डावा पाय मागे ओढला गेला आणि झोक गेला. लोक हसले. त्यांत दिनानाथ होते, त्यांची लेक ओवी माझ्याच व्हॅनने शाळेत जायची. ते हसले नाहीत, मान खाली घातली. तेच जास्त लागलं.

चौकीवर म्हणाले, "प्यायलो होतो असं लिहून दे, दंड भर आणि मोकळा हो." मी म्हटलं, "साहेब, मशीन आणा, फुंकतो. नाहीतर दवाखान्यात न्या, माझं रक्त तपासा." मशीन नव्हतं. रक्त कोणी काढलं नाही. मी सही केली नाही. मग केस लागली.

विठ्ठलवाडीचे हेमचंद्र वकील उभे राहिले. ते म्हणाले, "रक्तात किती दारू असली म्हणजे गुन्हा, ते कायद्यात ठरलेलं आहे. तोल गेला एवढ्यावर माणूस दारुडा ठरत नाही." कोर्टात त्यांनी हवालदाराला विचारलं, "किती निघाली?" तो म्हणाला, "मोजली नाही."

माया, एक गोष्ट मी आईला फोनवर बोलू दिली नाही. घेतली नव्हती, मग पाय का गेला? हा विचार पाठ सोडेना, म्हणून उल्हासनगरला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी हात पुढे धरायला लावले, शर्टाची बटणं लावून बघायला सांगितली. कंपवाताची सुरुवात आहे. गोळ्या चालू आहेत, लगेच काही होत नाही.

वकील म्हणाले, "डॉक्टरांचा हा कागद कोर्टात काढू नका. केस त्याच्याशिवाय सुटेल. लायसन कशाला धोक्यात घालता?" नाही काढला.

निकालानंतर दिनानाथ पेढे घेऊन आले. "काका, सोमवारपासून ओवी परत तुमच्याच गाडीत." त्यांना माफी मागायची होती, पण जमत नव्हतं. मी हो म्हटलं असतं तर कोण अडवणार होतं? आई दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "दिनानाथभाऊ, त्या दिवशी मी शुद्धीत होतो. पण पाय माझं ऐकत नव्हता. गाडीत पोरं असती तर?"

मग सगळं सांगितलं. त्यांनी पुडा उघडला आणि पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

व्हॅन शेजारच्या चंदूला चालवायला दिली आहे. पोरगा जपून चालवतो. सकाळी हॉर्न वाजला की मी गॅलरीत जातो, पोरं हात करतात. सुरुवातीला मी आत यायचो, बघवत नव्हतं.

धम्मचक्र दिनाला ये. स्टेशनवर मी घ्यायला येईन. लांबून माझी चाल बघून तुझ्या मनात जुनं काही आलं, तर येऊ दे. लहानपणी करायचीस तशी जवळ ये, माझ्या तोंडाचा वास घे, आणि मगच सम्यकला माझ्याकडे दे.

पूर्ण शुद्धीत,
तुझा बाबा
महेंद्र