शेवंताच्या आंब्यातला भुंगेरा

चि. सौ. शेवंता हीस आशीर्वाद.

तू नदीवर धुणं घेऊन गेलीस आणि मी निघालो. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही. वाघाची शेपटी धरून भीमा ओलांडलेला तुझा सासरा, पण ही थाप नव्हे. तुझ्या आंब्याला भुंगेरा लागलाय. जात्यावर वाटी पालथी आहे, तिच्याखाली एक धरून ठेवलाय. खात्री करायची तर हळू उचल, चावतो.

माझ्याच शब्दावर शेजारच्या रहमतबीनं आपलं किडकं झाड पाडून जाळलं, मी दिलेलं रोप लावलं. आपलं उभं राहिलं तर भुंगेरा पुन्हा तिच्या परसात जाईल. काल म्हणाली, "दादा, तुमच्याच घरचं झाड सोवळ्यातलं व्हय?" मी तसाच मालोजीकडे गेलो.

दुपारी मालोजी कुऱ्हाड घेऊन येईल. पण झाड जिनं लावलं तिनं हळदकुंकू वाहून 'हो' म्हटल्याशिवाय तो घाव घालत नाही. मी विनवून पाहिलं, ऐकेना.

मी महाळुंग्याला, तुझ्या माहेरी चाललोय. तू जिथून कोय आणलीस त्याच झाडाखालचं रोप आणतो. तुझ्या आईला काय सांगावं, याची वाटेत गोष्ट रचीन म्हणतो. अजून एकही सुचलेली नाही.

— मामंजी