विहीणबाईंची राहिलेली कॉफी

मुलुंड,
ता. ३० जुलै १९८५

तीर्थस्वरूप नाना यांसी,

धाकट्या गुणाजीचा तुमच्या आणि वहिनींच्या पायांवर डोके ठेवून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? गेला असेल तर कळवा, नसेल तरी कळवा, कारण तुमचे पत्र आले नाही की मी वाईटच धरून बसतो. आम्ही खुशाल आहोत (म्हणजे शेवंती खुशाल आहे, आणि मी पण आहे असे तिने लिहायला सांगितले आहे). अनारशांसाठी पाठवलेले तांदूळ पोहोचले. पण आधी आनंदाची बातमी. परवा रविवारी विहीणबाई आपल्या घरी कॉफी प्यायल्या, आणि दोनदा प्यायल्या.

तुम्ही सुलक्षणाच्या लग्नाला होतात, तरी सांगतो, कारण त्या वेळी तुम्ही पंगतीत होतात. चार वर्षांपूर्वी मी हौसेने एस्प्रेसो कॉफीचे यंत्र भाड्याने आणले होते. त्यातून नुसती वाफ आली. वरपक्षाची मंडळी रिकामे कप धरून अर्धा तास उभी राहिली आणि तशीच बसमध्ये चढली. तेव्हापासून विहीणबाई, मालनताई, आपल्या घरी केव्हाही आल्या की उंबऱ्यावरूनच विचारतात, "गुणाजीराव, आमची कॉफी निघाली का?" मी हसतो. सुलक्षणा उठून मोरीत जाते आणि तोंड धुऊन येते. पोरीला सासरी हे किती वेळा ऐकावे लागत असेल ते ती सांगत नाही, म्हणून मला जास्त घोर.

आता जावई जयवंत बोटीवर फिटर. या खेपेला त्याने इटलीहून घरगुती एस्प्रेसोचे विजेचे यंत्र आणले आणि आमच्याच ओट्यावर ठेवले. म्हणाला, बाबा, धोंड्याचा महिना असला तरी मला वाण नको, सोने नको, आईला एकदा यातली कॉफी पाजा म्हणजे तो विषय मिटेल. फक्त बी ताजे दळलेले हवे, रव्यापेक्षा बारीक आणि मैद्यापेक्षा जाड. तेवढा विजेचा ग्राइंडर तुम्ही निवडा, तुम्ही कारखान्यात होतात. (विक्रोळीला तीस वर्षे मी स्टोअरमध्ये होतो. यंत्रे मी फक्त मोजली आहेत. पण हे जावयाला कोणत्या तोंडाने सांगणार?) सोमवारी त्याला बोटीवर हजर व्हायचे, म्हणून रविवारच ठरला, आणि रविवारी निघाली एकादशी. जयवंत उपास करीत नाही, पण विहीणबाईंचा निरोप आला की मी जेवणार नाही, फक्त कॉफी घेईन. फक्त कॉफी, नाना. म्हणजे बासुंदीखाली झाकायची सोयही गेली.

मी एका खिशात रव्याची पुडी आणि दुसऱ्या खिशात मैद्याची पुडी घालून निघालो. आधी शेजारीण प्रेमा हिचा मिक्सर मागून पाहिला. अर्ध्या बियांची धूळ झाली, अर्ध्या तशाच राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या चटणीला कॉफीचा वास आला (अजून ती जिन्यात भेटली की भिंतीकडे बघते). घाटकोपरच्या कॉफीवाल्याने माझ्या दोन्ही पुड्या उघडून पाहिल्या आणि विचारले, "काका, कॉफी करायची आहे की लाडू?" पण माणूस भला. त्याने समजावले की मिक्सरचे पाते बी कापते, आपल्याला ते भरडायचे आहे. शेवटी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत जुना सोबती मार्तंड याचा गाळा गाठला. तो ग्राइंडर बनवतो. आत दोन दातेरी चकत्या, एक स्थिर, एक फिरती, बाजूला जाड-बारीक करायचा स्क्रू. मी बघताच ओळखले. नाना, हे आपले जातेच, खुंट्याऐवजी मोटर. मला इतका आनंद झाला की मार्तंडचा चहा न पिताच ग्राइंडर छातीशी धरून घरी आलो.

बुधवारी शेवंतीने त्यात अनारशांचे तांदूळ दळून घेतले. पीठ असे झाले की बोटाला लागत नव्हते. निवड बरोबर ठरली म्हणून मी तो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवला आणि झिजेल या भीतीने रविवारपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही. रविवारी पायांत रबरी चपला घालून (शॉक लागू नये म्हणून) कॉफी दळली आणि यंत्राचे बटण दाबले. यंत्र कण्हले. मी मनात म्हटले, वाट लागली. मग थेंब थेंब करीत कॉफी उतरली, दाट, आपल्या पेजेसारखी. जयवंतने कपात पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. विहीणबाईंनी दूध-साखर घालून कप रिकामा केला, तोंड पुसले आणि म्हणाल्या, "चार वर्षांनी आली, पण घट्ट आली. सुलक्षणा, अजून अर्धा कप घाल गं." सुलक्षणा या वेळी मोरीकडे गेली नाही. नाना, मला आणखी काही नको.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
गुणाजी

ता. क. काल ग्राइंडर साफ करायला उघडला. चकत्यांमध्ये तुमच्या तांदळाचे पीठ मूठभर घट्ट बसले होते. म्हणजे विहीणबाईंना मी एकादशीच्या दिवशी तांदूळ पाजले, आणि दोनदा. शेवंती म्हणते तिने वरून पुसला होता. जयवंत निघताना माझ्या कानात म्हणाला होता, "बाबा, ही एस्प्रेसो नव्हती. आईला सांगू नका." त्याचा अर्थ मला काल कळला.

ता. क. दुसरा. तुम्ही पोथी वाचता. नकळत उपास मोडला तर दोष खाणाऱ्याला की खायला घालणाऱ्याला? घालणाऱ्याला असेल तर मी दोन एकादश्या निर्जळी करीन. उत्तर पोस्टकार्डावर नको, बंद पत्रात पाठवा.

ता. क. तिसरा. आत्ताच विहीणबाईंचा निरोप आला. कित्येक वर्षांत ही पहिली एकादशी की त्यांचे पित्ताने डोके चढले नाही, म्हणून येत्या वद्य एकादशीलाही त्या आमच्याकडेच कॉफीला येणार आहेत. मी लगेच साफ केलेल्या ग्राइंडरमध्ये नुसती कॉफी दळून पाहिली, तर नुसते पातळ पाणी आले, लग्नात नुसती वाफ आली तसे. तरी नाना, प्रायश्चित्ताचे सावकाश बघू. त्याच तांदळातले दोन शेर एस.टी.ने आधी पाठवा.