पहिला नंबर आणि दोन डब्यांची गाडी

२ जुलै
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
पेपरात बातमी आहे. प्रवासी रेल्वेगाड्या चालवायला सरकार खासगी लोकांना ठेका देणार. रूळ सरकारचे, गाडी ठेकेदाराची. कमाईतला जास्त वाटा जो सरकारला देईल, त्याला गाडी. म्हणजे आपलंच काम! देऊळगाव राजा ते जालना इतकी वर्षं काळी-पिवळी जीप चालवतोय, ते काय झोपेत? नव्या लाइनच्या सर्व्हेचे दगड कापसाच्या जिनिंग मिलच्या मागे रोवलेले मी स्वतः पाहिलेत. सुरुवातीला दोनच डबे. हावरटपणा नको.

२ जुलै, जेवणानंतर
बायकोला, बेबीला सांगितलं. ती म्हणाली, आधी जीपचं मागचं दार बसवा, दोरीनं बांधून काऊन फिरून राह्यले. हिला स्केल कळत नाही.

९ जुलै
स्टँडवर जाहीर केलं. माझा तिथं पहिला नंबर. सकाळी सगळ्यांत आधी माझीच जीप भरते. शेतात जाणाऱ्या बाया, कोर्टाची माणसं, कॉलेजची पोरं. आमची पोरगी महामायाही पुढच्या सीटवर, जालन्याला नर्सिंगला. पण रेल्वेच्या ऑपरेटरनं जीपच्या रांगेत उभं राहणं शोभतं का?
नंबर सोडायचा तर स्टँडवर नारळ फोडतात, आणि असा सोडलेला नंबर परत मिळत नाही. मी नारळबिरळ मानत नाही, पण स्टँडचा कायदा. फोडला. नंबर मागच्या बद्रुद्दीनला गेला. तो म्हणाला, इंद्रभानभाऊ, एक बार सोच लो, फुटलेला नारळ जुळत नसतो. बिचारा. खोबरं मात्र छान होतं.

२१ जुलै
ठेक्याची माहिती द्यायला औरंगाबादला मीटिंग. बाकीचे लॅपटॉपवाले. पहिला प्रश्न मीच विचारला. गाडी भरेपर्यंत स्टेशनवर ‘जालना जालना’ ओरडायला माणूस सरकार देणार का आपण ठेवायचा?
साहेब म्हणाले, गाडी भरेपर्यंत थांबायचंच नाही. रिकामी असली तरी वेळेवर सोडायची. उशीर झाला तर दंड. सवारी असो नसो, रूळ वापरायचं भाडं भरायचं. हे साफ चुकीचं आहे. रिकामी गाडी सोडणारा धंद्यात टिकत नाही. ठेका मिळाला की सुधारून घेईन.
कुठली लाइन, असं विचारलं. सांगितली. म्हणाले, तिथं रूळच नाहीत. मी म्हणालो, म्हणूनच कॉम्पिटिशन कमी आहे. साहेब बघतच राहिले. छाप पडली.

४ ऑगस्ट
आता माझा शेवटचा नंबर, दुपारी कधीतरी लागतो. उत्तम. प्लॅनिंगला वेळ मिळतो. डबे निळे ठेवू. महामाया बद्रुद्दीनच्या जीपनं जाते. तो तिच्याकडून भाडं घेत नाही. स्टेशन झालं की त्याला समोर पार्किंगला जागा देऊ. उपकार ठेवत नाही मी कुणाचे.

१० सप्टेंबर
एकाही कंपनीनं बोली लावली नाही! भाडं जास्त, जोखीम सगळी ठेकेदाराची, असं म्हणतात. बद्रुद्दीन तोंड पाडून सांगायला आला. अरे, माझी बोली तर गेलीय, मैदानात मी एकटा उरलो! बेबीला शिरा करायला सांगितलं. तिनं केला नाही.

३ ऑक्टोबर
माझी बोली परत आली. कंपनी लागते म्हणे, आणि गाड्या चालवल्याचा अनुभव. जीपचा अनुभव धरावा असं कळवतो. आमच्या जीपमध्ये किती माणसं बसतात हे त्यांनी पाहिलेलं नाही.

१४ नोव्हेंबर
ठेक्याची योजनाच गुंडाळली. तात्पुरती असावी.
स्टँडवर सहज चक्कर मारली. जुन्या नंबराचं सहज विचारलं. नंबर लावणारा सहदेव म्हणाला, आता कसा देता येईन, तूच नारळ फोडला ना बे. मला बे! सगळ्यांसमोर!

२ डिसेंबर
बीटी कपाशीवर गुलाबी अळी. वरून हिरवं दिसणारं बोंड फोडलं की आत सडलेलं. बियाण्याच्या पाकिटावर अळीचा बंदोबस्त छापलेला आहे. अळीला वाचता येत नसावं.
वेचायला कापूस नाही, तर बाया कशाला जीपमध्ये बसतील? दुकानदारही माल आणायला जाईनात. दुपारचा माझा नंबर आता लागतच नाही. महामायानं कॉलेज सोडलं. म्हणाली, बाबा, पुढच्या वर्षी पाहू. मी म्हणालो, पुढच्या वर्षी तुला रेल्वेचा फुकट पास असेल. ती रडली. मग मीही रडलो. हे लिहायचं नव्हतं.

१८ डिसेंबर
विजय! बद्रुद्दीन घरी आला, पहिला नंबर परत घ्या म्हणाला. सहदेवशी तोच बोलला. स्वतः कामाला सुरतेला निघालाय. शेवटी माणसाची किंमत कळते.
सकाळीच जीप धुतली, सगळ्यांत पुढे लावली. घसा बसेपर्यंत ओरडलो. ऊन डोक्यावर आलं. कोणी नाही. मागे दुसरी जीपच नव्हती, त्यामुळे आपण पहिले का शेवटचे, तेही कळेना.
दुपारी बेबी डबा घेऊन आली. मागे चढून मधोमध बसली. मी म्हणालो, जरा कडेला सरक, सवारी येईल.
ती सरकली.