ह्यांच्या आवाजाच्या फायली

सोम. २९ सप्टें.
पुण्याहून आत्ताच परत आलो. पुढच्या मंगळवारी ऑपरेशन. डॉ. म्हणाले, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. मग श्वास गळ्याच्या भोकातून, आणि बोलणं बंद. बाहेर आल्यावर हे म्हणतात, "चला, सुटलीस. आता घरात तुजंच राज्य." मला हसू आलं नाही. त्या तंबाखूच्या पुडीवरून लग्न झाल्यापासून भांडतेय. उपयोग शून्य.

साताऱ्याला जयूला फोन केला. लेकीला सातवा महिना, जपून सांगितलं. ती रडली, मग म्हणाली, "आई, बाबांचा आवाज रेकॉर्ड करून ठेव. बाळाला ऐकवायचाय."

एवढं तर हातात आहे. व्हिडिओ शूटिंगचं दुकान आपलं, माईक आपला. भोर-वेल्ह्यातली इतकी लग्नं ह्यांनी शूट केली, पण ह्यांचा आवाज एकातही नाही. "नवरदेव, हितं बघा", "मामा, जरा मागं सरा", सगळं एडिटिंगला मीच कापते. शूटिंगवाल्याचा आवाज आला की गिऱ्हाईक नावं ठेवतं.

बुध. १ ऑक्टो. खंडेनवमी
कॉम्प. फार रडत होता, मोठी फाईल उघडली की अडकायचा. म्हणून परवा येतानाच हे मेमरीची नवी पट्टी घेऊन आले होते. आज मुहूर्त. कॅमेरे, स्टँड, लाइट, सगळं सतरंजीवर मांडलं. कॉम्प.चं झाकण काढून ठेवलेलं.

"नव्या पट्टीला आदी लाव," हे म्हणाले. "तिची पयलीच पूजा."

ओल्या बोटाने हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूची पाकळी. पट्टी केवढीशी, धरायला जागा नाही, बोटं सगळीकडे लागली. मग ह्यांनी ती जुनीच्या शेजारच्या खाचेत दाबून बसवली. कॉम्प. पळायला लागला. दोघांनाही बरं वाटलं. दुपारी माईक लावून बघितला.

गुरु. २
दसरा. दिवसभर रेकॉ. आवाज आधीच घोगरा, मधे मधे खोकला. हिर्डोशीचं लहानपण सांगितलं. धुक्यातून शाळेला चालत जायचे ते, भाताच्या खाचरात पडले ते. बाळाशी बोलताना थांबले, पाणी प्यायले, पुन्हा बोलले.

"पिल्ल्या, मी तुजा आजा. तू यायच्या टायमाला मला बोलता यायचं न्हाई. पर लई बोलायचो बरं. तुज्या आजीला इचार."

मी हेडफोन लावून मान खाली घालून बसले होते.

शुक्र. ३
राहिलेलं रेकॉ. संपवलं. सगळं कॅमेऱ्याच्या कार्डावरून कॉम्प.वर उतरवलं. उतरवताना निळा पडदा येऊन बंद पडला, दोनदा. गरम झाला असेल. पुन्हा चालू करून काम पुरं केलं. पहिली फाईल लावून पाहिली, स्वच्छ आहे. वेगळ्या डिस्कवरही कॉपी ठेवली. चांगलं कार्ड एकच आणि उद्या विंझरचा साखरपुडा, म्हणून कार्ड पुसलं.

शनि. ४
जाऊ नका म्हटलं तर, "ह्यो शेवटचा. करू दे." मी लाइट धरला. मांडवात ह्यांचा दरारा नेहमीसारखाच. येताना गाडीत झोपले. कार्ड कॅमेऱ्यातच आहे.

मंगळ. ७
ऑप. झालं. शुद्धीवर आल्यावर काहीतरी म्हणायला गेले. ओठ हलले, वारा गळ्यातून आला. माझ्याकडे असे बघत राहिले, जसं मीच काहीतरी करणार आहे.

शनि. १८
घरी आणलं. नाकात नळी आहे. जयूची जुनी पाटी काढून दिली, तिच्यावर लिहितात. पहिलं लिहिलं, "कॉम्प. चालू आहे ना". दुसरं काही सुचू नये माणसाला!

रवि. १९
जयूला फायली पाठवायला बसले. निळा पडदा. पुन्हा चालू, पुन्हा निळा. मधेच आपोआप डिस्क तपासायला लागला. जावईबापू फोनवर म्हणाले, विंडोज नवीन टाका, सगळं पुसून. म्हटलं, पुसायचं नाव काढू नका.

मंगळ. २१ लक्ष्मीपूजन
तसाच बंद. वहीपूजनाबरोबर कॉम्प.लाही हळदकुंकू लावलं. बाबा रे, उघड एकदा.

गुरु. २३
हे जिना उतरून दुकानात आले. पाटीवर: "नवी काढ." काढली. जुन्या पट्टीवर कॉम्प. सुरळीत, तासभर काही नाही. मग नवी एकटीच लावायला सांगितली. लगेच मेला. पट्टी हातात घेऊन, चष्मा लावून उजेडात बघत बसले. खालच्या कडेला सोनेरी दात असतात, त्यांवर लाल चिकटलेलं. खाचेतही लाल.

पाटीवर लिहिलं, "कुंकू."

आणि हसले. आवाज नाही, नुसते खांदे हलतात. मलाही हसू आलं, किती दिवसांनी. खोडरबराने दात घासले, खाच कोरड्या ब्रशने साफ केली. दोन्ही पट्ट्या लावून कॉम्प. संध्याकाळपर्यंत चालला.

शनि. २५
हसलो ते महागात पडलं. पहिली फाईल नीट आहे. दुसरीत मधेच कर्रकर्र, तिसरी उघडतच नाही. बाळाशी बोलले ती उघडते, "पिल्ल्या, मी तुजा" आणि पुढे नुसती खरखर. उतरवताना सगळं त्या लडबडलेल्या मेमरीतून गेलं, तिथेच नासलं. वेगळ्या डिस्कवरची कॉपीही ह्याच कॉम्प.वरून काढलेली, तीही तशीच. कार्डावर आता विंझर आहे.

मी ओरडले. "तुम्हीच म्हणालात, नव्या पट्टीला आधी लाव!" त्यांनी पाटी उचललीच नाही. उलट बोलता न येणाऱ्या माणसावर ओरडले मी. लाज वाटते.

सोम. २७
नीट राहिलेली पहिली फाईल पुन्हा ऐकली. माईक बघायला केलेली ती. "हॅलो, हॅलो. येतंय का गं? न्हाई येत? हॅलो." बस्स. एवढंच.

जयूला सांगितलं नाही. "पाठवते गं, कॉम्प. बिघडलाय," म्हटलं.

पुण्यात एक जण नासलेल्या फायलींतून काही निघतं का बघतो म्हणे. खात्री देत नाही. डिस्क पुढच्या सोमवारी नेऊन देणार.

गुरु. ३०
विंझरच्या मुलीच्या वडलांचा फोन. "वैनी, शूटिंग कदी देताय? पाव्हणं इचारत्यात." कार्ड उतरवलं. आता एक डागही नाही. सगळं ऐकू येतं, सनई, ताटं, आणि सगळ्यांच्या वर हे.

"पोरी, वर बघ. लाजू नगं. हास जरा. हां, आस्सं."

हे शेजारीच बसले होते. ऐकत होते. मग पाटीवर लिहून माझ्यापुढे सरकवली: "माझा आवाज काप. गिऱ्हाईक नावं ठेवील."

न कापलेली एक कॉपी बाजूला काढली आहे. जयूला हीच पाठवावी का? खणखणीत आवाज आहे, अगदी त्यांचा. पण त्यात ते दुसऱ्याच्या लेकीला हाक मारतायत.

कापायला अजून सुरुवात केलेली नाही.