पूजेतली कात्री

११ सप्टेंबर २०१९

निवृत्ती गेला. चुलतभाऊ, आणि माझ्या दुकानातला सगळ्यात जुना शिंपी! भांडलासुद्धा नाही. "रतनला देतोस त्या दरात माझं घर चालत नाही, रंगण्णा. सुम्ने, नुसता रिकामा बसून राहीन, पण हे नको." कात्री रुमालात गुंडाळली नि निघाला.

रतन शाळेचे गणवेश निम्म्या दरात शिवतो. गावाबाहेर येलवालच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहतो, बंगालचा म्हणून सांगतो. सीमेच्या कुठल्या बाजूचा, ते मी विचारलं नाही. ज्याच्याकडे कागद आहेत तो निम्म्यात कशाला बसेल? मला कळत नव्हतं असं नाही.

२० सप्टेंबर

निवृत्ती हुणसूर रोडवरच्या कल्याणमंडपात वॉचमन झालाय म्हणे. त्याची बायको शांताक्का बाजारात दिसली. तोंड फिरवून गेली. बरोबरच आहे तिचं.

गल्लीतल्या बाकीच्या दुकानांनीही शेडमधली माणसं आणली — माझं बघून!

२७ सप्टेंबर

रतनला ताप. तरी मशीनवर. म्हटलं, घरी जा. "नहीं दादा, ठीक है." कुरकुर करत नाही, वाढ मागत नाही. मागणार कुठल्या तोंडाने? आणि मी काय साळसूद! त्याच्यापुढे चहा ठेवला.

७ ऑक्टोबर, आयुधपूजा

मशिनं पुसली, झेंडू वाहिला. आमच्याकडे प्रत्येक कारागिराची कात्री पूजेत ठेवतात. दसऱ्याच्या सकाळी मालकाने कुंकू लावून ज्याची त्याच्या हातात द्यायची. तोवर हलवायची नाही. निवृत्तीच्या जागी यंदा रतनची.

संध्याकाळी रतन धापा टाकत आला. शेडवर पोलीस येणार अशी कुणकुण, सगळे आजच्या गाडीने पळणार. "दादा, कैंची दे दो. बाबा की है."

मी म्हणालो, "आज नाही रे! कल सुबह."

८ ऑक्टोबर, दसरा

बाकीचे गेले. हा कात्रीसाठी थांबला!

कुंकू लावून हातात देत होतो, तेवढ्यात दारात जीप. "दाखले एल्लप्पा?" कागद कुठेत, पोलिसाने कानडीत विचारलं. रतन माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणालो, "गोत्तिल्ला सार, रोजंदारीचा आहे." मला ठाऊक नाही म्हणे! कात्री त्यांनी काढून घेतली, माझ्याच टेबलावर ठेवली आणि त्याला जीपमध्ये घालून नेलं.

दसऱ्याची हत्तींची सवारी बघायला गेलो नाही. काल नुसता हात लांब करायचा होता. देवाने काय मला फाशी दिली असती?

९ ऑक्टोबर

दुकान उघडलं नाही. जेवण जात नाही.

१४ ऑक्टोबर

निवृत्ती परत आला. त्याला जुनाच दर द्यायचा, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मी बोलायच्या आधी तोच म्हणाला, "रतनचाच दर दे, रंगण्णा. सगळ्या गल्लीत आता तोच आहे की."

आणि मी — हो म्हणालो.