पट्टा थांबल्यावर

आई,

तुझ्यासाठी एक निरोप आहे. तो दिलाय डोंबिवलीतल्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने. माझ्या मुलीच्या वयाची असेल, आणि तू कोण हे तिला माहीत नाही. निरोप लगेच सांगून टाकला असता, पण मग तू पुढचं वाचणारच नाहीस. मासिकातली गोष्टसुद्धा तू शेवटचं पान आधी बघून मगच सुरू करायचीस, आणि शेवट आवडला नाही तर मासिक शेजारी देऊन टाकायचीस. म्हणून आज शेवट माझ्याकडे ठेवते. बस जरा निवांत.

ठाकुर्लीची आपली खोली. मी तिसरी-चौथीत असेन. तू वागळे इस्टेटमधल्या औषधांच्या कंपनीतून नुकतीच आली आहेस, पदर खोचून भाकऱ्या थापते आहेस आणि मी शेजारी लसूण सोलते आहे. तुझं काम मला तोंडपाठ होतं. भरलेल्या बाटल्या पट्ट्यावरून डावीकडून उजवीकडे जातात, मागे पांढरा दिवा असतो, आणि तुम्ही बायका ओळीने बसून बाटलीत केस, कचरा, काही तरंगतंय का ते बघता. दिसलं की ती बाटली बाजूला. दिवसभर तेच. त्या दिवशी तव्यावरची नजर न काढता तू म्हणालीस, "आज पुन्हा टेबल चाललं."

"कुठे?"

"उलटं. जेवणाच्या सुट्टीला पट्टा थांबला ना, तर टेबलच निघालं. बाटल्या येतात त्या बाजूला."

मला ते भारीच आवडलं. मी विचारलं, "मग तू पण गेलीस का त्याच्याबरोबर?" तू हसली नाहीस. पिठाच्या हाताने माझं मनगट धरलंस. "कुणाला बोलायचं नाही हे. बाबांना पण नाही. बोललीस तर बघ." मनगटावर तुझी पाचही बोटं पांढरी उमटली होती, आणि मी ती झोपेपर्यंत पुसली नाहीत.

तू का घाबरलीस ते मला नंतर, मोठ्यांच्या बोलण्यातून कळत गेलं. गावाला तुझी थोरली बहीण होती. दिवसभर वहाळाच्या काठावर वाहतं पाणी बघत बसायची आणि घरी आली की अंगण वाहतंय म्हणायची. लोक तिला भ्रमिष्ट म्हणत. घरच्यांनी तिला मागच्या पडवीत ठेवलं आणि ती तिथेच गेली. तुझ्या मनाने हिशेब केला: तिचं अंगण, माझं टेबल. त्यानंतर तू रोज स्वतःवर पहारा ठेवलास. मीठ दोनदा पडलं तरी हात थांबायचा तुझा. "काय गं, मी मघाशी टाकलं का?" असं विचारताना तुझा आवाज किती बारीक व्हायचा. मीठच ते. कुणाचंही पडतं.

दसऱ्याला कंपनीत मशीनची पूजा असायची आणि त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. तू मला नेलंस. पट्ट्याला झेंडूच्या माळा, यंत्रांना हळदकुंकू, नारळाचं पाणी फरशीवर सांडलेलं. तुम्ही सगळ्या काठापदराच्या साड्या नेसून आपापल्या जागी बसला आहात आणि मी तुझ्या मांडीवर आहे. नारळ फुटला, कुणीतरी बटण दाबलं, बाटल्या निघाल्या. प्रत्येक बाटलीच्या गळ्यात एक झेंडूचं फूल. मी फुलं बघते आहे. मग पट्टा थांबला, आणि त्याच क्षणी तुझा हात माझ्या डोळ्यांवर आला. गार, हळदीचा वास असलेला. बोटांच्या फटीतून मला फक्त शेजारच्या मावशांचे हात दिसले. नव्या बांगड्या घातलेले, टेबलाच्या कडेवर ठेवलेले, एका रांगेत. फोटो काढतायत असं मला वाटलं. मग तू हात काढलास आणि आम्हाला पेढे मिळाले.

त्यानंतर काही महिन्यांनी तू ते बसून करायचं काम स्वतःहून सोडलंस आणि बाटल्या धुण्याच्या खात्यात गेलीस. दिवसभर उभं राहायचं, हात पाण्यात. बाबा म्हणाले, "बरं चाललेलं सोडून हिला कुठे हौस आलीय!" तू त्यांना ताकास तूर लागू दिली नाहीस. रात्री मी तुझ्या बोटांच्या भेगांना खोबरेल लावायचे तेव्हा तू म्हणायचीस, "पाण्याचं बरं असतं गं. डोकं शांत राहतं." तुझं डोकं शांतच होतं, आई. कावीळ झाली आणि तू गेलीस तेव्हाही, सकाळपर्यंत तू मला तांदूळ कुठल्या डब्यात आणि डाळ कुठल्या ते सांगत होतीस. सगळं अचूक होतं. पण तुझी भीती तुझ्याबरोबर गेली नाही. ती माझ्याकडे आली.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी गणपती विसर्जनाला डोंबिवलीच्या रेतीबंदरवर गेले होते. ओहोटी होती. आमचा नंबर येईपर्यंत मी खाडीचं पाणी बघत उभी राहिले. मग सहज घाटाच्या पायऱ्यांकडे बघितलं, तर पायऱ्या चालायला लागल्या. उलट्या, पाणी जिकडून येत होतं तिकडे. मी नवऱ्याची बाही घट्ट धरली. त्याला वाटलं, बाप्पा चालले म्हणून रडतेय. मला तुझा पिठाचा हात आठवला. आता माझी पाळी, असं मनात आलं, आणि तेव्हापासून मीही पहारा सुरू केला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. टीव्हीवर सिनेमा संपून नावं वर सरकायला लागली की मी उठून भाजी चिरायला घ्यायचे. नवरा म्हणायचा, "हिला शेवटपर्यंत बसवत नाही." रिक्षात मी बाहेर बघायचे नाही, मांडीवरची पर्स बघायचे. मुलगी लहानपणी जत्रेत पाळण्यात बसली की खाली उतरल्यावर तिचे डोळे मी न्याहाळायचे, आणि ती म्हणायची, "आई, अशी काय बघतेस?" तिला काय सांगणार?

गेल्या आठवड्यात मोतीबिंदू दाखवायला गेले. तपासून झाल्यावर डॉक्टरने विचारलं, "अजून काही त्रास, काकू?" मी पर्स उचलली होती. परत खाली ठेवली. आणि मी बोलले. पट्टा, बाटल्या, टेबल. एवढी वर्षं आत ठेवलेलं तोंडातून बाहेर पडताना इतकं छोटं वाटलं की मलाच लाज वाटली. तिने सगळं ऐकून घेतलं. मग फोन काढला, त्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या खाली सरकत होत्या. "मधल्या ठिपक्याकडे बघत राहा. मी सांगेन तेव्हा समोरच्या कॅलेंडरकडे बघायचं." तिने सांगितलं, मी बघितलं, आणि कॅलेंडर भिंतीवर वर चढायला लागलं. ती शांतपणे म्हणाली, "वर जातंय ना? माझं पण जातं. सगळ्यांचं जातं."

मला ते पटेना. तेव्हा तिने दार उघडून बाहेरच्या मुलीला हाक मारली. ती मुलगी बघून ओरडली, "ई, मॅडम, काय भारी आहे हे!" मग बाकड्यावर बसलेले एक गृहस्थ आले, मग गावातल्या एक आजी, नाकात मोठी नथ घातलेल्या. त्या भिंतीकडे बघून म्हणाल्या, "अगो बाय, भिंत चालली ना गो!" आणि इतक्या हसल्या की त्यांना खुर्ची द्यावी लागली. आई, दवाखानाभर लोक भिंत चालताना बघत होते आणि कुणीही वेडं नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि त्या आजींना वाटलं मला औषधाचे थेंब झोंबतायत.

डॉक्टरने सोपं करून सांगितलं. डोळ्यांकडून आलेली हालचाल ओळखणारे मेंदूत पेशींचे वेगवेगळे गट असतात, काही उजवीकडे जाणारं टिपणारे, काही डावीकडे जाणारं. एकाच बाजूचं सतत बघितलं की ते टिपणारे दमतात. पट्टा थांबला की न दमलेल्यांचा जोर होतो, आणि जे जागचं हललेलं नाही ते उलटं निघाल्यासारखं दिसतं. थोड्या वेळाने आपोआप थांबतं. एवढंच. म्हणजे तुझे डोळे बिघडले नव्हते, डोकंही नाही. तू मन लावून काम केलंस म्हणून ते दमले होते. थोरल्या मावशीचं मी विचारलं नाही. तिचं दुखणं वेगळं असेल, नसेलही. वहाळाकाठी बसणाऱ्या बाईला एकदा तरी कुणी नीट विचारायला हवं होतं.

परतताना रिक्षात पर्सकडे बघितलं नाही, समोर बघितलं. मजा असते गं. समोरून दुकानं, झाडं, माणसं उलगडत येतात, मोठी होतात आणि दोन्ही अंगांनी मागे निसटून जातात. आपण जिकडे चाललोय तेवढीच एक जागा मधोमध स्थिर असते. रिक्षा वळली की ती जागाही वळते. मघाशी डॉक्टर म्हणालीच होती, आपण कुठे चाललोय ते डोळ्यांना त्यावरूनच कळतं. इतकी वर्षं मी ते बघितलंच नव्हतं. रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, स्टेशनावरून एक फेरी मारून या." तो आरशात बघून म्हणाला, "मॅडम, कुणाला शोधताय का?" मी नाही म्हटलं.

पण त्या फेरीत मला ते हात दिसले. दसऱ्याचे, नव्या बांगड्या घातलेले. तो फोटो नव्हता, आई. पट्टा थांबला होता आणि ओळीतल्या प्रत्येकीने टेबलाची कड धरली होती. सणाच्या दिवशीही, नुसत्या सवयीने. म्हणजे सगळ्यांचं टेबल चालायचं, आणि सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी. कोण जाणे, प्रत्येकीला आपापल्या गावाकडची एखादी थोरली बहीण आठवत असेल. तुझ्या डाव्या-उजव्या हाताला बसलेल्या बायकांना तू एकदा जरी म्हणाली असतीस, "टेबल चाललं गं," तर दोघी एकदम म्हणाल्या असत्या, "तुझं पण?" आणि मग हसून हसून जेवणाची सुट्टी संपली असती.

आता निरोप. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, तांदळाच्या डब्याखाली ठेवेन, म्हणून खरं सांगायला हरकत नाही. डॉक्टरशी बोलताना 'माझी आई' म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी तिला म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीच्या आईला असं व्हायचं, त्या अजून फार घाबरतात. 'अजून' म्हटलं. तू नाहीस हे सांगितलंच नाही. मी उठले तेव्हा तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "त्यांना सांगा, तुम्हाला काहीही झालेलं नाही. घाबरू नका म्हणावं."

मी म्हटलं, आज घरी गेले की सांगते.