बावीस की बत्तीस

११ जानेवारी २०१९, शुक्रवार. सोहार, ओमान

परवाना आला! दीड वर्षाने! किशोरीने सकाळीच इमो अ‍ॅपवर फोटो पाठवला. तिचं नाव, तिचा फोटो, खाली शिक्का. फोटोत ती वर्गाबाहेर उभी केलेल्या मुलीसारखी दिसतेय. तसं सांगितलं तर बाईसाहेबांनी फोन ठेवून दिला.

सुटलो एकदाचा. घरात माणसं दोनच – बायको आणि माझी बहिरी आई. घर वाडीच्या टोकाला, मागे नारळीचं आगर, आगरामागे खाडी. सतरा सालच्या गणपतीनंतर शेजारच्या खांबेट्यांकडे चोर शिरले, म्हाताऱ्याला खांबाला बांधून कपाट फोडलं. तेव्हा किशोरी म्हणाली होती, "तुम्ही तिकडे लोखंड वितळवा. मी इकडे काय कोयती घेऊन बसू?" ते अजून टोचतं. म्हणून तर अर्ज केला.

आता फक्त रिव्हॉल्व्हर घ्यायचं कुठलं ते ठरवायचं. बावीस बोअरचं की बत्तीसचं.

१३ जानेवारी

सुभेदार इंगवल्यांना गाठलं. साताऱ्याचे, फौजेतून निवृत्त, आमच्या प्लांटच्या गेटवर सिक्युरिटी सुपरवायझर. मेसमध्ये विषय काढला तर डोळे वटारले – परक्या मुलखात हे असलं जेवताना बोलायचं नसतं! मग पार्किंगमध्ये नेऊन समजावलं. नऊ एमएम आपल्यासारख्याला मिळतच नाही. राहिलं बावीस आणि बत्तीस. बावीसची गोळी बारीक, धक्का कमी, पण समोरचा थांबेलच असं नाही. बत्तीसची जड. थांबवते.

मी लगेच बत्तीस म्हणालो. ते हसले. म्हणाले, "बोअरचं नंतर बघा. ज्याच्या हातात राहणार त्याच्या बोटाला आधी विचारा."

फौजी माणसं कोड्यात बोलतात.

१८ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी. कपडे धुतले. दिवसभर मोबाइलवर बावीस-बत्तीस वाचत बसलो. डोकं भणभणलं.

नूरुद्दीन म्हणाला, पोरीसाठी स्थळ बघताना माणूस इतकं बघत नाही. हा माझा रूमवाला. स्टोअरमध्ये आहे. तीन वर्षं एका खोलीत राहतोय आणि गाव म्हणाल तर आमच्या समोर, खाडीपलीकडे! सोहारला येऊन ओळख झाली. किशोरीने त्याला पाहिलेलं नाही. फोनवर मागून त्याचं खोकणं तेवढं तिला माहीत. "तुमच्या खोलीत बकरी पाळलीय का?" असं एकदा विचारलं होतं तिने.

१ फेब्रुवारी

किशोरीचं मत – कुठलंही आणा, पण वजनाला हलकं. भाजी घेतल्यासारखं बोलते! तिला म्हटलं, तुला त्यातलं कळत नाही, मी बघतो. घरातला पंखा, फरशी, मिक्सर, आईचं कानाचं यंत्र – सगळं मी इथूनच ठरवलंय. (यंत्र आई लावत नाही ते सोडा.)

२३ फेब्रुवारी, शनिवार

आज खरेदी. किशोरी तिच्या भावाला घेऊन दुकानात गेली. मी इकडे फोन कानाला लावून शिफ्टमधून बाहेर. सुपरवायझर यल्ला यल्ला, चला चला करतोय आणि मी क्रेनच्या मागे लपलेला!

दुकानदाराने दोन्ही हातात दिली. ती म्हणाली, "हे बावीसचं बोटाला बसतंय. बत्तीसचा चाप फार घट्ट आहे हो." मी म्हटलं, सवयीने सैल होतं. नवीन कुकरचं झाकण नाही का घट्ट असत? मलाही क्षणभर वाटलं, घेऊ दे बावीस. रूमवर मेसेज टाकून नूरुद्दीनला विचारलं. त्याचं उत्तर आलं – "मोठाच घ्या जनाभाऊ. हत्यार दाखवायचं तर चोराला दिसलं तरी पाहिजे."

पटलं. बत्तीस घेतलं. काडतुसंही.

रात्री डोळा कधी लागला कळलं नाही. दीड वर्षात पहिल्यांदा.

२८ फेब्रुवारी

किशोरीला ते कपाटात कुलपात ठेवायचं होतं. मी म्हटलं, मग उपयोग काय? भरून उशाशी ठेव. नाही-हो करता करता ऐकलं तिने. संध्याकाळपासून घेऊन फिरते म्हणे, आधी तांदळाच्या डब्यावर मग उशाशी. आईला सांगितलंय की पाण्याच्या पंपाचा पार्ट आहे.

१० मार्च, रविवार

निवडणूक जाहीर! आचारसंहिता लागली. आणि आता ज्यांच्याकडे परवान्याचं हत्यार असेल त्यांनी ते पोलीस ठाण्यात जमा करायचं. पोलीसपाटील घरी सांगून गेले. जेमतेम पंधरा दिवस झाले घेऊन! निवडणुकीत चोर काय प्रचाराला जातात?

१४ मार्च

रोज विचारतोय, जमा केलंस का? आज चिडली. "केलं हो केलं. खलास!" माझाच इथला अरबी शब्द माझ्यावर.

ठीक. कायद्याचं काम झालं. आता मतदान होईपर्यंत देवाच्या भरवशावर.

३ एप्रिल

नूरुद्दीन उद्या गावी चाललाय. ईदला सुट्टी मिळणार नाही म्हणून आताच. त्याच्याबरोबर पार्सल द्यायचं ठरवलं – ओमानी हलवा, खजूर, आईला गुडघ्याचं तेल, आणि किशोरीला पाडव्यासाठी साडी. साडी मस्कतला रुवीच्या बाजारातून त्यानेच आणली, मला रंग कळत नाहीत.

त्याला बजावलं, फोन न करता जा. एकदम दारात उभा राहा. तिला जरा गंमत वाटू दे. नऊ वर्षं झाली लग्नाला, असं काही केलंच नाही कधी.

"इन्शाल्ला," म्हणाला आणि हलव्याच्या डब्यावर सवयीने स्वतःच्या बायकोचं नाव लिहून टाकलं. मग खोडलं.

५ एप्रिल, शुक्रवार

नूरुद्दीनचा फोन. पार्सल पोचलं.

पण कसं पोचलं! गाढव तरीच्या होडीने खाडी ओलांडून आला, तर वाट सरळ आमच्या आगरातून वर येते. म्हणजे थेट मागच्या दारात! तिन्हीसांजेची वेळ, लाइट गेलेली. आधी नुसती कडी वाजवली. मी सांगितलं होतं ना, गंमत म्हणून – नाव घ्यायचं नाही! कुणी उघडेना, तेव्हा खिडकीच्या गजाला धरून आत डोकावला. दाढीवाला, अनोळखी, काखेत बोचकं!

शेवटी त्यालाच कसंसं वाटलं, मग हाक मारली – "वहिनी, मी नूरुद्दीन, जनाभाऊंचा रूमवाला!" आणि खोकला. बराच वेळ आत हालचाल नाही. मग दार उघडलं. चहा दिला तिने. कप-बशी इतकी वाजत होती की निम्मा चहा बशीत, असं हा हसत सांगतोय.

मी हसलो नाही. फोन ठेवला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसलो.

हत्यार घरात असतं तर? भरलेलं, उशाशी, मीच सांगून ठेवलेलं! चौदा मार्चला पोलिसांत गेलं म्हणून नूरुद्दीन आज आईबरोबर चहा प्यायला. आचारसंहितेला शिव्या घातल्या होत्या मी. देवा, त्या सगळ्या परत घेतो.

६ एप्रिल. पाडवा

रूमवर श्रीखंड केलं, डब्यातल्या दह्याचं. सुभेदारांना बोलावलं. सगळं सांगितलं. त्यांनी वाटी खाली ठेवली. मग म्हणाले, वाचलात.

किशोरीला फोन केला. माफी मागितली. असं न सांगता माणूस पाठवायचं नव्हतं, चूक माझी. ती म्हणाली साडी छान आहे. आज जरा बाहेर जायचंय, तालुक्याला, नंतर बोलू.

सणाच्या दिवशी तालुक्याला काय काम? असो. आवाज बरा वाटला तिचा. जीव भांड्यात पडला.

२३ एप्रिल

आज तिकडे मतदान. किशोरीने बोटाच्या शाईचा फोटो पाठवला. आईनेही मत दिलं.

मी ठरवलंय – निकाल लागला की हत्यार परत आणायचंच नाही. दुकानात देऊन टाकू. मागच्या दाराला लोखंडी जाळी, आगरात दोन दिवे आणि एक कुत्रा. हे ठरवल्यावर इतकं हलकं वाटलं! आयुष्यात पहिल्यांदा फोनवर घरातली वस्तू कमी केली. विकताना कागद लागतील म्हणून जमा केल्याची पावती पाठवायला सांगितली.

२६ एप्रिल, शुक्रवार

पावती आली. तारीख – ६ एप्रिल.

फोन लावला. ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "जमा केलं असं खोटंच सांगितलं होतं. भीती वाटायची हो. त्या दिवशी खिडकीत माणूस दिसला आणि मी चाप ओढला. दोन्ही हातांनी ओढला. घट्ट होता. ओढलाच गेला नाही."

बावीसचा ओढला गेला असता.

नूरुद्दीन रविवारी येतोय. मस्कतला एअरपोर्टवर घ्यायला मी स्वतः जाणार.